लेटरहेड, बिलबुक, पाटी आणि वेबसाइट : कायद्यानं काय छापायचं?

मार्च उजाडला की बिलबुकं, लेटरहेड, पाकिटं नव्यानं छापायला टाकायची घाई होते. म्हणून या वेळी फक्त याच विषयावरची पत्रं घेतली आहेत. छापखान्यात जाण्याआधी एक गोष्ट पक्की करून घ्या : आपला धंदा कायद्याच्या कागदावर नेमका काय आहे? एकट्याच्या मालकीचा, भागीदारीचा, एलएलपी (मर्यादित दायित्वाची भागीदारी) की कंपनी? पाटीवर नाव काहीही असो. माल खराब निघाला किंवा पैसे अडकले, तर नोटीस कुणाच्या नावानं आणि कोणत्या पत्त्यावर काढायची, हे समोरच्याला हातातल्या कागदावरून कळलं पाहिजे. पुढचे बहुतेक नियम याच एका गरजेतून आलेले आहेत.

प्रश्न : आमची प्रायव्हेट लिमिटेड कंपनी कुपवाड एमआयडीसीत यंत्रांचे सुटे भाग बनवते. पाच हजार लेटरहेड छापून झाले. त्यावर बोधचिन्ह, कंपनीचं नाव आणि दोन मोबाइल नंबर आहेत. आता सीएस (कंपनी सेक्रेटरी) म्हणतात की हे चालणार नाही. नेमकं काय राहिलं? आणि छापलेला कागद फेकायचा का?
– कुपवाड

उत्तर : तुमचे सीएस बरोबर सांगत आहेत. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १२ मध्ये याची यादीच आहे. कंपनीचं पूर्ण नाव, नोंदणीकृत कार्यालयाचा पत्ता, कॉर्पोरेट आयडेंटिटी नंबर म्हणजे सीआयएन, दूरध्वनी क्रमांक, ई-मेल, आणि फॅक्स व वेबसाइट असेल तर तेही. हे सगळं व्यावसायिक पत्रं, बिलाचे मथळे, लेटरहेड, नोटिसा आणि कंपनीच्या इतर अधिकृत प्रकाशनांवर छापलेलं असलं पाहिजे. हुंडी, वचनचिठ्ठी यांवर कंपनीचं नाव पुरतं. व्हिजिटिंग कार्डाचा या यादीत उल्लेख नाही, त्यामुळे कार्डं बदलायची गरज नाही.

पत्त्याच्या बाबतीत एक चूक सर्रास होते. कारखाना कुपवाडला असतो आणि नोंदणीकृत कार्यालय सांगलीत संचालकांच्या घरी. लेटरहेडवर मात्र फक्त कारखान्याचा पत्ता छापला जातो. कायद्याला हवा आहे तो नोंदणीकृत कार्यालयाचा. दोन्ही पत्ते द्या, पण कोणता कशाचा हे लिहा : 'नोंदणीकृत कार्यालय' आणि 'कारखाना' अशा दोन वेगळ्या ओळी.

सीआयएन २१ चिन्हांचा असतो. पहिलं अक्षर कंपनी शेअर बाजारात सूचिबद्ध आहे की नाही ते सांगतं. 'एल' म्हणजे सूचिबद्ध, 'यू' म्हणजे नाही. मग व्यवसायाचा पाच अंकी संकेतांक, राज्याची दोन अक्षरं (आपल्याकडे 'एमएच'), स्थापनेचं वर्ष, कंपनीच्या प्रकाराची तीन अक्षरं ('पीटीसी' म्हणजे प्रायव्हेट) आणि शेवटी सहा अंकी नोंदणी क्रमांक. हा क्रमांक प्रमाणपत्रावर आहे तसाच इंग्रजी अक्षरांत छापायचा. छापखान्याला फोनवरून सांगू नका, प्रमाणपत्राची फाइल पाठवा. शून्याच्या जागी इंग्रजी 'ओ' पडणं ही नेहमीची चूक आहे. प्रूफ आलं की २१ चिन्हं बोटानं मोजा आणि तोच क्रमांक कंपनी मंत्रालयाच्या पोर्टलवर टाकून आपलंच नाव येतं का बघा. कंपनीचा प्रकार, राज्य किंवा व्यवसाय बदलला की सीआयएनही बदलू शकतो. तेव्हा जुन्या फाइलमधला नंबर तसाच उचलू नका.

कागद फेकू नका. लेटरहेडच्या तळाशी बहुधा दोन सेंटिमीटर जागा मोकळी असते. एक कायमची तळटीप तयार करा : नाव, नोंदणीकृत पत्ता, सीआयएन, फोन, ई-मेल, वेबसाइट. पत्र छापताना प्रिंटरवरूनच ती ओळ त्या जागेत उमटवा. रबरी शिक्का मारून वेळ निभावून नेतात, पण कायद्याचा शब्द 'छापलेलं' असा आहे आणि शिक्क्यातली बारीक अक्षरं फुटली की सीआयएन वाचता येत नाही. ई-मेलनं दर पाठवता, ऑर्डर घेता, तेव्हा तेही धंद्याचं पत्रच झालं. म्हणून हीच ओळ ई-मेलच्या सहीखाली कायमची लावून ठेवा.

वेबसाइटसाठी कंपनी स्थापना नियम २०१४ मधला नियम २६ पाहा. वेबसाइटवरून विक्री होत नसली तरी तो लागू आहे. वरच्या सगळ्या बाबी, शिवाय चौकशी किंवा तक्रारीसाठी संपर्क साधायच्या व्यक्तीचं नाव, हे मुख्य पानावरच हवं. 'संपर्क' नावाच्या वेगळ्या पानावर ढकलून भागत नाही. नुसतं 'सपोर्ट टीम' लिहिणंही पुरत नाही, माणसाचं नाव पाहिजे. सर्वांत सोपी जागा म्हणजे मुख्य पानाची तळपट्टी.

प्रत्येक कार्यालयाच्या आणि कारखान्याच्या बाहेर कंपनीचं नाव आणि नोंदणीकृत पत्ता ठळक अक्षरांत लावणंही कलम १२ मध्येच आहे, आणि पाटी दुसऱ्या लिपीत असेल तर स्थानिक भाषेच्या लिपीतही. कंपनी खरोखर चालू आहे का अशी शंका आली तर कंपनी निबंधक कार्यालयाची प्रत्यक्ष तपासणी करवू शकतात. सांगली जिल्हा पुण्याच्या निबंधकांकडे येतो. तपासणीला आलेल्या माणसाला पहिली दिसते ती पाटीच.

कंपनीचं नाव गेल्या दोन वर्षांत बदललं असेल, तर जुनं नावही नव्याबरोबर छापायचं. एकल व्यक्ती कंपनी असेल, तर नावाखाली कंसात तसे शब्द हवेत. नोंदणीकृत पत्ता बदलला तर ३० दिवसांत आयएनसी-२२ हा फॉर्म भरायचा. गावाची किंवा शहराची हद्द ओलांडून, म्हणजे समजा पलूस किंवा तासगावला जायचं असेल, तर विशेष ठरावही लागतो. नवीन लेटरहेड त्यानंतर छापा.

या कलमाचा भंग झाला तर दंड दिवसाला १,००० रुपये, जास्तीत जास्त १ लाख, आणि तो कंपनीला वेगळा, जबाबदार अधिकाऱ्याला वेगळा. लघू कंपनी, एकल व्यक्ती कंपनी आणि स्टार्टअप यांना तो निम्म्यापेक्षा जास्त लावता येत नाही.

प्रश्न : बेदाण्याचा धंदा माझ्या एकट्याच्या मालकीचा आहे. आता स्वतःची वेबसाइट काढून पाव किलो आणि एक किलोची पाकिटं थेट ग्राहकाला विकायची आहेत. कंपनी नाही, म्हणजे वेबसाइटवर काहीही लिहायची सक्ती नाही, असं वेबसाइट बनवणारा म्हणतो.
– तासगाव

उत्तर : तसं नाही. सीआयएनची सक्ती तुम्हाला नाही, एवढंच त्यात खरं आहे. ऑनलाइन विक्री सुरू केली की २३ जुलै २०२० रोजी अधिसूचित झालेले ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम लागतात. एखाद्यानं घरातली जुनी सायकल विकली तर त्याला सूट आहे, नियमित धंदा करणाऱ्याला नाही. मग तो एकटा असला तरी.

सुरुवात नावापासून करा. नियमांना 'कायदेशीर नाव' हवं आहे. एकट्याच्या धंद्यात ते म्हणजे मालकाचं स्वतःचं नाव. जीएसटीच्या प्रमाणपत्रावर 'लीगल नेम' आणि 'ट्रेड नेम' अशा दोन ओळी असतात, त्या समोर ठेवा. वेबसाइटवर दुकानाचं नाव मोठं घ्या आणि खाली 'प्रोप्रायटर' लिहून मालकाचं नाव द्या. मग मुख्य कार्यालयाचा आणि सगळ्या शाखांचा पत्ता, ई-मेल, ग्राहक सेवेचे फोन नंबर. नुसता व्हॉट्सॲपचा हिरवा गोळा ठेवून हे काम होत नाही.

तक्रार निवारण अधिकाऱ्याचं नाव, पदनाम आणि संपर्क द्यावाच लागतो. छोट्या धंद्यात मालक स्वतः ते काम पाहू शकतो. तक्रार आली की ४८ तासांत पोच द्यायची आणि महिन्याच्या आत निकाली काढायची. प्रत्येक तक्रारीला क्रमांक द्या, म्हणजे तिचं पुढं काय झालं ते ग्राहकाला पाहता येतं. नियमांतच तसं आहे. यासाठी सॉफ्टवेअर लागत नाही. तारीख, क्रमांक, ऑर्डर, काय केलं, अशा चार रकान्यांची वही पुरते. सणासुदीला पार्सलं वाढतात तेव्हा फुटलेल्या पाकिटांच्या तक्रारीही वाढतात. वही तेव्हाच उपयोगी पडते.

किंमत एका आकड्यात दाखवा, आणि खाली फोड : माल, कर, पॅकिंग, कुरिअर. शेवटच्या पायरीवर 'हाताळणी शुल्क ४० रुपये' असं अचानक उगवलं तर ते नियमात बसत नाही. परत घेणं, बदलून देणं, पैसे परत करणं, परतीच्या कुरिअरचा खर्च कुणाचा, हे ऑर्डरआधी वाचता आलं पाहिजे. संमतीच्या चौकटीत आधीच टिक करून ठेवायची नाही. ती ग्राहकानंच करायची.

दुसरा भाग पाकिटाचा. वैधमापनशास्त्राच्या आवेष्टित वस्तू नियमांनुसार पाकिटावर जे छापता ते वेबसाइटवरही त्या त्या मालाजवळ दिसलं पाहिजे. पॅक करणाऱ्याचं नाव व पत्ता, मालाचं साधं नाव, निव्वळ वजन, सर्व करांसह कमाल किंमत, एककाची किंमत, ग्राहक सेवेचा संपर्क. तयार केल्याचा महिना आणि वर्ष वेबसाइटवर नसलं तरी चालतं, पाकिटावर मात्र पाहिजेच. एककाची किंमत किलोच्या आतल्या पाकिटाला ग्रॅममागे काढायची. २५० ग्रॅमचं पाकीट १४० रुपयांना असेल, तर ५६ पैसे प्रति ग्रॅम. एक किलोच्या पाकिटाची किंमत आणि एककाची किंमत एकच होते, तिथं वेगळी लिहायची गरज नाही. पाकिटाच्या मागच्या बाजूचा फोटो टाकून मोकळे होऊ नका. मोबाइलवर ती अक्षरं वाचता येत नाहीत आणि तोलमापवाले पहिलं बोट तिथंच ठेवतात. बाहेरदेशचा बेदाणा विकत असाल, तर कोणत्या देशाचा आणि कुणी आयात केला हेही द्या. आणि हो, पाकिटं स्वतः भरता, म्हणून पॅकर म्हणून वैधमापनशास्त्र यंत्रणेकडे नोंदणी करावी लागते. त्यासाठी पाकिटं भरायला लागल्यापासून ९० दिवसांची मुदत आहे.

खाद्यपदार्थ असल्यामुळे एफएसएसएआयचा, म्हणजे अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा, १४ अंकी क्रमांक पाकिटावर तर हवाच. १ जानेवारी २०२२ पासून तो बिलावरही सक्तीचा आहे. बिलाच्या सॉफ्टवेअरमध्ये तो एकदाच मथळ्यात भरून ठेवा, म्हणजे प्रत्येक बिलावर आपोआप येतो. ऑनलाइन विकलेला पदार्थ ग्राहकाच्या हाती पडताना त्याच्या टिकाऊपणाचा ३० टक्के काळ किंवा मुदत संपायला ४५ दिवस उरलेले असावेत, असंही एफएसएसएआयचं म्हणणं आहे. तेव्हा शीतगृहातला जुना माल आधी काढताना तारखा बघा.

शीतगृहाचा विषय निघालाच आहे तर : दुसऱ्याच्या शीतगृहात स्वतःचा माल ठेवता, ती जागा जीएसटी नोंदणीत अतिरिक्त जागा म्हणून दाखवा. जीएसटी क्रमांकाची पाटी तिथंही लागते.

प्रश्न : मी जीएसटीच्या कंपोझिशनमध्ये, म्हणजे छोट्या व्यापाऱ्यांसाठीच्या सोप्या कर योजनेत, आहे. बाजारातून तयार बिलबुक घेतो आणि वर शिक्का मारतो. अधिकाऱ्यांनी हरकत घेतली. अथणी, उगारकडची गिऱ्हाइकंही आमच्याकडं येतात, त्यांना माल पोचता करतो.
– मिरज

उत्तर : तयार बिलबुकावर बहुधा 'टॅक्स इन्व्हॉइस' असा मथळा असतो आणि उजवीकडं सीजीएसटी, एसजीएसटीचे रकाने. कंपोझिशनवाल्याला कर वसूल करता येत नाही, त्यामुळे ते रकाने रिकामे ठेवले तरी कागद चुकीचाच ठरतो. तुमचा कागद म्हणजे 'बिल ऑफ सप्लाय'. त्याच्या अगदी वर हे शब्द हवेत : 'कंपोझिशन करदाता, पुरवठ्यावर कर वसूल करण्यास पात्र नाही'. दुकानाच्या दर्शनी पाटीवरही 'कंपोझिशन करदाता' असं लिहिलेलं पाहिजे. मुख्य दुकान आणि गोदाम, दोन्हीकडं.

बिलाचा क्रमांक १६ चिन्हांपेक्षा मोठा नको आणि आर्थिक वर्षात तोच क्रमांक दुसऱ्यांदा यायला नको. एक एप्रिलला नवी मालिका सुरू करा. दोन बिलबुकं एकाच वेळी चालवत असाल, तर 'अ/०००१' आणि 'ब/०००१' अशा वेगळ्या मालिका छापून घ्या. दोन्ही पुस्तकं १ पासून सुरू झाली की तपासणीत सगळ्यात आधी तेच निघतं. २०० रुपयांच्या आतलं बिल नोंदणी नसलेल्या गिऱ्हाइकानं मागितलं नाही तर वेगळं फाडायची गरज नाही, मात्र दिवसअखेर सगळ्यांचं मिळून एक बिल करा.

अथणीचं प्रकरण जास्त गंभीर आहे. अथणी आणि उगार कर्नाटकात आहेत. कंपोझिशनमध्ये राहून राज्याबाहेर माल पाठवता येत नाही. गिऱ्हाईक मिरजेत दुकानात येऊन माल घेऊन गेलं तर गोष्ट वेगळी, पण तुम्ही तिथं पोचता करत असाल, तर तो आंतरराज्य पुरवठा होतो आणि कंपोझिशनची सवलतच धोक्यात येते. हा व्यवहार थांबवा, किंवा सीएंशी बोलून नियमित नोंदणीत या. नुसतं बिलबुक बदलून हा प्रश्न सुटणार नाही.

जीएसटीची एक साधी गोष्ट बऱ्याच जणांकडून राहते. नोंदणी प्रमाणपत्र आत ठळक जागी लावायचं आणि १५ चिन्हांचा क्रमांक प्रवेशाजवळच्या नावाच्या पाटीवर. आपल्या राज्याचा क्रमांक २७ नं सुरू होतो, पुढची दहा चिन्हं म्हणजे पॅन. ठरवून दिलेला वेगळा दंड नसला की सर्वसाधारण कलमाखाली २५,००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो, आणि राज्याच्या कायद्याखाली तेवढाच पुन्हा.

प्रश्न : आमच्या शोरूमची पाटी इंग्रजीत आहे आणि खाली लहान अक्षरांत मराठी. कामगार फक्त चार आहेत. आम्हालाही मराठी पाटीची सक्ती आहे का?
– विश्रामबाग, सांगली

उत्तर : आहे. महाराष्ट्र दुकाने व आस्थापना अधिनियम २०१७ मध्ये २०२२ साली कलम ३६-अ घातलं गेलं आणि कमी कामगारांच्या दुकानांनाही ते लागू झालं. पाटी मराठीत, देवनागरी लिपीत हवी. दुसरी भाषा ठेवता येते, पण मराठी आधी आणि मराठी अक्षरांचा आकार दुसऱ्या भाषेपेक्षा लहान नको. सर्वोच्च न्यायालयानं २५ सप्टेंबर २०२३ रोजी यासाठी दोन महिन्यांची मुदत दिली होती. ती केव्हाच सरली.

पाटी रंगवणाऱ्याला 'मराठी मोठं कर' एवढंच सांगून चालत नाही. इंग्रजीतलं मोठं अक्षर जितक्या इंचाचं, तितक्याच उंचीचं देवनागरी अक्षर शिरोरेषेपासून पायापर्यंत मोजून घ्या. वेलांटी आणि उकार धरून मोजलं तर अक्षराचं अंग लहानच राहतं. पाटीचा चौकोन तेवढाच ठेवून अक्षर वाढवलं की मात्रा वरच्या कडेला कापल्या जातात. म्हणून चौकोनाची उंची आधी वाढवा आणि खाली एक ओळ जीएसटी क्रमांकासाठी सोडा. एकाच खर्चात दोन नियम होतात.

प्रश्न : आम्ही तिघे वास्तुविशारद, एलएलपी करून काम करतो. नावापुढं एलएलपी लिहितो. पुरे का?
– सांगली

उत्तर : पुरे नाही. एलएलपी कायदा २००८, कलम २१ : बिलं, अधिकृत पत्रव्यवहार आणि प्रकाशनांवर नाव, नोंदणीकृत पत्ता, नोंदणी क्रमांक, आणि 'मर्यादित दायित्वासह नोंदणीकृत' असं स्पष्ट विधान. हे शेवटचं विधानच बहुतेकांच्या कागदावर नसतं. तिघांपैकी कुणी स्वतःच्या जुन्या लेटरहेडवर एलएलपीच्या कामाची पत्रं पाठवत असेल, तर ते आजपासून बंद करा. तो करार एलएलपीचा की त्या माणसाचा, असा वाद त्यातूनच उभा राहतो.

प्रश्न : आमच्या घराण्यात सतारी बनतात. मिरजेच्या सतारीला जीआय मिळाल्यापासून वेबसाइटवर आणि बिलावर 'जीआय मानांकित' लिहावंसं वाटतं. शिवाय आमच्या नावापुढं गोलातलं 'आर' चिन्ह टाकू का?
– मिरज

उत्तर : मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. पण हे मानांकन एका कारागिराचं नसतं. नोंदणी समूहाच्या नावावर असते आणि ते वापरायचा हक्क 'अधिकृत वापरकर्ता' म्हणून नोंद झालेल्याला मिळतो. भौगोलिक निर्देशांक कायदा १९९९ च्या कलम १७ प्रमाणे तो अर्ज प्रत्येक कारागिरानं स्वतंत्र करायचा असतो. प्रमाणपत्र हाती आलं की बिलावर आणि वेबसाइटवर मानांकनाबरोबर आपला अधिकृत वापरकर्ता क्रमांक द्या. परदेशातला गिऱ्हाईक तो तपासून पाहू शकतो. घराण्याचा हात मोठा असला तरी नोंदणीविना ते शब्द छापू नका, त्यानं मानांकनाची किंमतच कमी होते. सांगलीची हळद आणि बेदाणा विकणाऱ्यांनाही हाच नियम आहे.

गोलातलं 'आर' फक्त नोंदणी पूर्ण झालेल्या व्यापारचिन्हाला. अर्ज प्रलंबित असेपर्यंत 'टीएम' लिहा. हे दोन्ही ज्या नावाची किंवा बोधचिन्हाची नोंदणी वा अर्ज आहे, त्याच्यापुरतंच. अशोकस्तंभ मात्र कोणत्याही खासगी लेटरहेडवर चालत नाही. आणखी एक इशारा इथंच देतो, कारण याबद्दल दोन पत्रं आली आहेत : कंपनीची नोंदणी व्हायच्या आधी 'प्रा. लि.' लिहून शिक्का करून घेऊ नये. तसं केल्यास दिवसाला ५०० ते २,००० रुपये दंडाची तरतूद आहे. भागीदारीनं 'आणि कंपनी' लिहिलं तर हरकत नाही.

प्रश्न : मी वकील आहे, पत्नी डॉक्टर. दोघांची मिळून एक वेबसाइट करायची आहे.
– विटा

उत्तर : दोन वेगळ्या करा. बार कौन्सिलच्या नियम ३६ नुसार वकिलाला जाहिरात करता येत नाही. वेबसाइटवर फक्त नाव, पत्ता, फोन, ई-मेल, सनदेचा क्रमांक व तारीख, कोणत्या बार कौन्सिलची सनद, शिक्षण आणि कामाची क्षेत्रं एवढंच. कार्यालयाच्या पाटीवर तर अमुक प्रकारच्या दाव्यांतले तज्ज्ञ असंही लिहिता येत नाही. डॉक्टरांनी वैद्यक परिषदेचा नोंदणी क्रमांक दवाखान्यात लावायचा आणि औषधचिठ्ठी, दाखला व पैशांची पावती या तिन्हींवर छापायचा. पावतीवर तो हमखास राहून जातो.

प्रश्न : फ्लॅटच्या योजनेचं फ्लेक्स आणि व्हॉट्सॲपवरचं चित्र यांत काय हवं?
– सांगली

उत्तर : महारेराचा (राज्याच्या स्थावर संपदा नियामक प्राधिकरणाचा) नोंदणी क्रमांक आणि महारेराच्या वेबसाइटचा पत्ता, दोन्ही ठळक. १ ऑगस्ट २०२३ पासून क्यूआर कोडही. व्हॉट्सॲपवरचं चित्र ही जाहिरातच आहे. भूखंड ५०० चौरस मीटरपेक्षा मोठा नसेल किंवा सदनिका आठपेक्षा जास्त नसतील, तर नोंदणीतून सूट आहे. नोंदणी लागत असेल, तर क्रमांक मिळेपर्यंत 'लवकरच येत आहे' असंही लावू नका. क्यूआर कोड छापण्याआधी फ्लेक्सच्या अंतरावरून स्वतःच्या मोबाइलवर उघडून पाहा.

प्रश्न : वेबसाइटवाल्यानं गोपनीयता धोरणाचं पान दुसरीकडून उचलून लावलं आहे. त्यात कॅलिफोर्नियाचा उल्लेख आहे. काही बिघडतं का?
– माधवनगर

उत्तर : बिघडतं. त्या पानावर तुम्ही न पाळलेली आश्वासनं तुमच्या नावानं दिली जात आहेत. माहिती तंत्रज्ञान कायद्याखालच्या २०११ च्या नियमांनी गोपनीयता धोरण आणि तक्रार अधिकाऱ्याचं नाव वेबसाइटवर देणं सांगितलं आहे, आणि त्यात एकट्याच्या मालकीचा धंदाही येतो. डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायदा २०२३ चे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले. त्यातल्या मुख्य जबाबदाऱ्या १८ महिन्यांनी लागू होतात, म्हणजे तयारीला अवधी आहे. तेव्हा संमतीची सूचना इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या भाषेत वाचायची सोय द्यावी लागेल. आपल्या गिऱ्हाइकासाठी ती मराठीत आजच लिहा.

पान स्वतः लिहिणं अवघड नाही. आधी कागदावर मांडा : कोणती माहिती घेता (नाव, मोबाइल, पत्ता), कशासाठी, कुणाला देता (कुरिअर, पेमेंट गेटवे, हिशेब पाहणारे), किती दिवस ठेवता. जीएसटीची हिशेबाची कागदपत्रं वार्षिक विवरणाच्या मुदतीपासून ७२ महिने जपावी लागतात. म्हणून 'मागणी करताच सर्व माहिती पुसून टाकू' असं वचन देऊ नका. बिलातली माहिती तेवढा काळ ठेवू, जाहिरातीच्या यादीतून लगेच काढू, असं लिहा.

प्रश्न : बिलावर उद्यम क्रमांक, म्हणजे सूक्ष्म, लघू व मध्यम उद्योगांच्या सरकारी नोंदणीचा क्रमांक, छापणं सक्तीचं आहे का? मोठ्या कारखान्याकडं चार-चार महिने पैसे अडकतात.
– कुपवाड

उत्तर : बिलाच्या नियमांत ती सक्ती नाही. तरी तुमच्यासारख्यांनी तो छापलाच पाहिजे, असं आमचं ठाम मत आहे. सूक्ष्म आणि लघू उत्पादक किंवा सेवा देणाऱ्याचे पैसे ठरलेल्या मुदतीत, आणि लेखी करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावेत, असं २००६ चा एमएसएमईडी कायदा सांगतो. करार नसेल तर १५ दिवस. उशीर झाला की रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दरानं, महिन्याच्या चक्रवाढीनं व्याज. 'आम्हाला हे लघू उद्योग आहेत हे माहीत नव्हतं' हा खरेदीदाराचा नेहमीचा बचाव असतो. तो पहिल्याच बिलानं बंद होतो. निव्वळ व्यापाऱ्याला आणि मध्यम उद्योगाला हे संरक्षण नाही.

बिलाच्या मथळ्यात जीएसटी क्रमांकाच्या लगेच खाली अशी ओळ घ्या : 'उद्यम नोंदणी क्र. …, सूक्ष्म उद्योग (उत्पादन)'. प्रवर्ग लिहायला विसरू नका आणि तो बदलला की ओळही बदला. हीच ओळ डिलिव्हरी चलनावरही छापा आणि माल पोचल्याची तारीख, सही व शिक्का चलनावर घ्या. दिवसांची मोजणी माल स्वीकारल्यापासून सुरू होते, आणि सुविधा परिषदेपुढं, म्हणजे थकलेल्या पैशांचे वाद ऐकणाऱ्या सरकारी यंत्रणेपुढं, अर्ज करताना तारखेची सही असलेलं ते चलनच सर्वांत आधी मागतात.